प्रोफाइलमधलं आडनाव आणि आपली पोरं

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा माध्यमांवर स्वतःचं खातं ठेवायला बंदी आली. तेव्हापासून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत, चॅनेलवर आणि शाळांच्या पालकसभांत एकच प्रश्न फिरतो आहे. भारतातही अशी बंदी हवी का? मोबाइलमुळे मुलं एकटी पडली, लाइक्स मोजून स्वतःची किंमत ठरवू लागली, मैत्री निभावणं विसरली, असं तज्ज्ञ सांगतात. त्यात तथ्य आहे. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचं कंपनीच्याच संशोधनात नोंदलेलं होतं. कंपनीला हे ठाऊक होतं आणि धंदाही चालू होता.

हे सगळं मान्य करूनही या चर्चेतली एक गोष्ट मला सतत खटकते. या लेखांतल्या मुलाला आडनावच नसतं. त्याला वय असतं, स्क्रीन टाइम असतो, काळजी करणारे आईवडील असतात, फी भरून गाठता येईल असा समुपदेशक असतो. जात मात्र नसते. ज्या देशात नुसतं नाव सांगितलं की समोरचा "पूर्ण नाव काय?" असं विचारतो, त्या देशात मुलांच्या आत्मसन्मानावरची सगळी चर्चा जातीचा उल्लेखही न करता पार पडते. लिहिणारे, बोलणारे आणि ज्यांच्या मुलांची काळजी केली जाते ते सगळे बहुतांशी एकाच थरातले असल्यावर दुसरं काय होणार?

आपल्या वस्त्यांतली मुलं मोबाइलवर ज्या न्यूनगंडाला तोंड देतात, त्याचा मोठा भाग मोबाइलने जन्माला घातलेला नाही. तो जातीने घातला आहे. मोबाइलने तो शाळेतून आणि गावातून उचलून मुलाच्या खिशात, उशाखाली आणून ठेवला. आणि तिथे तो जात म्हणून ओळखू येत नाही, हे त्यातलं सगळ्यात घातक. मुलाला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

मी नागपुरातल्या एका वस्तीत, बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत संध्याकाळी आठवी ते बारावीच्या मुलामुलींना शिकवते. गणित आणि विज्ञान संपलं की गप्पा होतात आणि हल्ली गप्पांचा विषय बहुतेक मोबाइलवर काय झालं हाच असतो. या लेखात मुलांबद्दल जे लिहिते आहे, ते त्या गप्पांतून कळलेलं आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

खातं उघडताना ॲप सगळ्यात आधी नाव विचारतं. आपल्या पोरांची अडचण तिथूनच सुरू होते. माझ्याकडच्या मुलांच्या खात्यांवर आडनावं फार थोडी दिसतात. कुणी नुसतं नाव लिहितं, कुणी नावापुढे 'ऑफिशियल' लावतं, कुणी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकतं, कुणी अक्षरांचा आणि आकड्यांचा असा गुंता करतं की मूळ नाव शोधूनही सापडू नये. मोठ्यांना ही फॅशन वाटते. काहींच्या बाबतीत ती असेलही. पण नववीतल्या एका मुलाने मला सरळ सांगितलं, "ताई, आडनाव टाकलं की रिक्वेस्ट ॲक्सेप्ट होत नाही." त्याचं आडनाव नागपुरात कुणालाही ऐकताक्षणी कळेल असं आहे.

चौदा एप्रिल तर अनेकांसाठी परीक्षाच. मिरवणुकीत ही मुलं बेभान नाचतात, ढीगभर फोटो काढतात आणि स्टोरी टाकायची वेळ आली की हात थबकतो. इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स' नावाची सोय आहे. आपण निवडलेल्या लोकांनाच ती स्टोरी दिसते. व्हॉट्सॲपचं स्टेटसही ठरावीक लोकांपासून लपवता येतं. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात अकरावीला गेलेल्या एका मुलीने पुतळ्याजवळचा फोटो टाकताना कॉलेजातल्या सगळ्यांना वगळलं. वस्तीतल्या मैत्रिणींना तिचा निळा फेटा दिसला. कॉलेजातल्यांच्या लेखी तिने त्या दिवशी काहीच टाकलं नव्हतं. ही यादी करायला वीस मिनिटं लागली, असं ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. गावात वेशीबाहेरच्या वस्तीची सीमा दुसऱ्यांनी आखलेली असायची. इथे सोळा वर्षांची मुलगी एकेक नाव निवडून ती सीमा आपल्याच बोटाने आखत बसली होती.

आधीच्या पिढीनेही जात लपवली. भाड्याने खोली मिळावी म्हणून आडनाव बदललं, बाबासाहेबांचा फोटो बाहेरच्या खोलीतून आत नेला. पण तो निर्णय मोठ्या माणसाने, विचार करून, बहुधा एकदाच घेतलेला असायचा. आज पंधरा वर्षांच्या मुलाला तो रोज घ्यावा लागतो. प्रत्येक फोटोला, प्रत्येक कमेंटला, प्रत्येक नव्या ओळखीला. याचा मनावर येणारा ताण कोणत्याही स्क्रीन टाइमच्या तक्त्यात बसत नाही.

आणि लपवूनही काही लपत नाही. प्रवेशाच्या याद्या लागतात, नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो आणि त्या पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर फिरतात. ९० टक्के मिळवलेल्या मुलाने निकालाचा फोटो टाकला की खाली एका शब्दाचा प्रश्न येतो, "कॅटेगरी?" निकालाच्या आणि प्रवेश परीक्षांच्या हंगामात आरक्षणावरचे विनोद धो धो वाहत असतात. 'मेरिट' कष्ट करून रडतंय आणि 'कोटा' आरामात खुर्चीवर बसलाय, हा एकच विनोद हजार चित्रांतून. तो पाठवणारा मुलगा वर्गातला, बाकावर शेजारी बसणारा असतो. "तुझ्याबद्दल नाही रे, जनरल जोक आहे," असं तो म्हणतो. आपला मुलगाही खाली हसण्याची इमोजी टाकतो, कारण न टाकली तर तो 'त्यांच्यातला' ठरतो. ज्या विनोदाने आपलीच लायकी काढली, त्याला हसून दाद द्यायची. आत्मसन्मान झिजतो तो असा, रोज थोडा थोडा. कुणी शिवी दिलेली नसते, म्हणून तक्रारही करता येत नाही.

हल्लीच्या मुलांना सगळ्यात जास्त बोचणारा शब्द कोणता, असं मी एकदा वर्गात विचारलं. मला वाटलं होतं जातिवाचक शिवी सांगतील. एकमुखाने उत्तर आलं, "छपरी."

छपरी म्हणजे कोण? रंगवलेले केस, घट्ट पँट, स्वस्तातला गॉगल, मित्राच्या बाइकवर बसून काढलेली रील, मागे पत्र्याचं घर किंवा नाला. हा शब्द छपराखाली राहणाऱ्यावरून आल्याचं सांगितलं जातं आणि अनेकजण त्याचा संबंध छप्परबंद जमातीशी जोडतात. ही जमात महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. व्युत्पत्ती कुणी कशीही लावो, शब्द कुणावर पडतो ते स्पष्ट आहे. तेच रंगवलेले केस सिनेनटाच्या डोक्यावर असले की 'लूक' असतात. झोपडपट्टीतल्या पोराच्या डोक्यावर आले की छपरी. म्हणजे शिवी केसांना नाही. ती त्या घराला, त्या आईबापाला, त्या गरिबीला आहे, आणि आपल्या देशात गरिबी आणि जात यांचं नातं काय आहे ते या पोर्टलच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक असा वाद पेटला होता, तेव्हा हीच घृणा उघड्यावर आली. खेड्यातली, वस्तीतली, कामगारांची मुलं टिकटॉकवर नाचत होती, नकला करत होती, शेतात आणि चाळीत व्हिडिओ काढत होती आणि त्यांना लाखो लोक बघत होते. इंग्रजी येत नसताना, चांगला कॅमेरा नसताना लोकांनी आपल्याला डोक्यावर घेतलं, हा अनुभव अनेकांच्या आयुष्यात पहिलाच होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेचं कारण देऊन ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. सरकारचं कारण काहीही असो, बंदीनंतर 'बरं झालं, घाण गेली' असं म्हणणाऱ्यांना चीनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ही पोरं त्यांच्याच पडद्यावर, त्यांच्याच बरोबरीने दिसणं सोसवत नव्हतं.

बरोबरीने दिसणं न सोसणं, हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. कारण फोटो टाकल्यावर किती लाइक्स येतील, एवढीच भीती सवर्ण मुलाला असते. आपल्या मुलाच्या फोटोला याहून वेगळी किंमत पडू शकते. २०१७ मध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाली. जुलै २०२४ मध्ये त्याच राज्यातल्या साबरकांठा जिल्ह्यात एका दलित रिक्षाचालक तरुणाने साफा आणि गॉगल घातलेला फोटो सोशल मीडियावर टाकला म्हणून वरचढ जातीच्या लोकांनी त्याला मारल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. आणि महाराष्ट्राने कानावर हात ठेवू नयेत. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला हाल करून मारलं.

गॉगल, साफा, मिशी, रिंगटोन. यांतली एकही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या मालकीची नव्हती. स्वतःला छान वाटावं म्हणून माणूस जे करतो तेवढंच या तरुणांनी केलं होतं. आपल्या घरातली आई पोराला "फोटो टाकू नको रे बाबा" म्हणते, तेव्हा तिला मोबाइलच्या व्यसनाची काळजी नसते. तिने बातम्या वाचलेल्या असतात. स्वतःला सुंदर समजण्याचीही परवानगी लागते, हे आपल्या मुलांना असं घरातूनच, प्रेमापोटी शिकवलं जातं.

आता नात्यांकडे येऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, मुलींवर आणि विधवांवर लादलेली बंधनं त्यासाठीच आहेत, हे त्यांनी त्यात मांडलं. हे लक्षात घेतलं की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी एकमेकांना पाठवलेला 'हाय' जातीव्यवस्थेला एवढा धोकादायक का वाटतो ते कळतं. पूर्वी दोन जातींतल्या मुलामुलींना बोलायलाही जागा नव्हती. मोबाइलने ती दिली. मग जातीने तिथेही पहारा बसवला.

बारावीतला एक मुलगा काही महिने एका मुलीशी बोलत होता. गाणी, अभ्यास, सिनेमे. एके दिवशी तिने आडनाव विचारलं, त्याने सांगितलं. दोन दिवस मेसेज नुसते 'सीन' होत राहिले, मग ब्लॉक. मला हे सांगताना तो म्हणाला, "मी काळा आहे ना ताई. आणि इंग्लिशही नाही येत." आडनाव सांगितल्यावर हे घडलं, हा क्रम त्यानेच मला सांगितला होता. तरी कारण म्हणून त्याला स्वतःची कातडी आणि स्वतःची जीभ दिसली. त्या मुलीलाही मी फार दोष देत नाही. तिच्या घरी मोबाइल तपासला जात असेल, तिला मार पडला असता. पण मुलाच्या मनात काय उरलं ते पाहा. जातीने घाव घातला आणि स्वतः पडद्याआड गेली. आरोपी म्हणून उभा राहिला तो त्या मुलाचा चेहरा.

असं मूल समुपदेशकाकडे गेलं तर त्याला काय सांगितलं जाईल? आत्मविश्वास वाढव, स्वतःवर प्रेम कर, इतरांशी तुलना करू नको, मोबाइल कमी वापर. सल्ला वाईट नाही, पण रोगाचं नावच चुकलेलं आहे. ज्याला बाहेरून नाकारलं गेलंय त्याला आत दुरुस्ती करायला सांगणं म्हणजे घाव घालणाऱ्याला मोकळं सोडणं.

आपल्या मुलींच्या वाट्याला याहून अवघड येतं. एक मुलगी म्हणाली, "तो रात्री दोन-दोन तास बोलतो, पण दिवसा कॉलेजात ओळखच नाही देत." तिचा फोटो त्याच्या स्टोरीत कधी येणार नाही. तिच्या फोटोला तो लाइकही करत नाही, कारण ते मित्रांना दिसतं. रात्री हवी, दिवसा नको. दलित स्त्रीशी वागण्याची ही रीत गावातल्या वाड्याइतकी जुनी आहे, आता ती चॅटमध्ये आली आहे. आणि भांडण झालंच तर स्क्रीनशॉट आणि फोटो त्याच्याकडे असतात. धमकी आली की मुलगी घरी सांगू शकत नाही. सांगितलं तर आधी तिचा मोबाइल जाईल, मग कॉलेज जाईल आणि मग कुणीतरी स्थळ आणेल.

मुलगा-मुलगी बोलतात एवढ्या संशयावरून काय होऊ शकतं हे आपण खर्ड्यात पाहिलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मराठा समाजातल्या मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारून टाकलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या आपल्या मुलांना एवढा जवळचा वाटतो तो उगाच नाही. वर्गातल्या मुलीने आपल्याला डुक्कर पकडताना पाहू नये म्हणून लपणारा जब्या आज मोबाइलमध्ये, क्लोज फ्रेंड्सच्या यादीमागे लपलेला आहे.

वरचढ जातींची मुलंही याच माध्यमांवर मोठी होत आहेत आणि त्यांचंही काही बरं चाललेलं नाही. तलवारी, घोडे, जातीच्या नावाची गाणी, 'आम्ही राज्य केलंय' छापाच्या रील्स. कधी जातीच्या जनुकांचा अभिमान. अभ्यासात मागे पडलेल्या, नोकरीची शाश्वती नसलेल्या मुलाला या रील्स एक फुकटचा मोठेपणा देतात. त्यासाठी त्याला काही करावं लागत नाही, फक्त कुणीतरी खाली असावं लागतं. आणि खालचा वर सरकू लागला की हा मोठेपणा हिंसक होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत बारावीतल्या दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर, घरात घुसून, त्याच्याच शाळेतल्या मुलांनी कोयत्याने वार केले. त्रास देतात म्हणून त्याने शाळेत तक्रार केली होती. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. जात दाखवणारे रंगीत मनगटपट्टे, अंगठ्या, कपाळावरच्या खुणा शाळेत चालू नयेत, अशी शिफारस त्यात आहे. मनगटावरचा पट्टा शाळेच्या दारात काढता येईल. प्रोफाइलवरचा कोण काढणार?

आता बंदीबद्दल. वयाची अट घाला, पालकांची संमती घ्या, असा उपाय सुचवला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही हा कायदा मनाई करतो, त्याचं स्वागतच आहे. पण पालकांच्या हाती सगळ्या किल्ल्या देताना 'पालक' कोण आहे हेही विचारायला हवं. जुलै २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यातल्या दांतीवाडा तालुक्यात ठाकोर समाजाच्या १२ गावांनी मिळून अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदी केली आणि त्याच बैठकीत आंतरजातीय लग्न करणाऱ्यांच्या कुटुंबाला दंड ठरवला. दोन्ही ठराव एकत्र आले हा योगायोग नव्हता. मोबाइलच्या काळजीआड मुलीच्या निवडीची भीती होती. आपल्या देशातलं कुटुंब हे जातीचं पहिलं ठाणं आहे. त्या ठाण्याला कायद्याने आणखी एक चावी दिली, तर सगळ्यात आधी मुलींचे आणि जातीबाहेर मैत्री करणाऱ्यांचे मोबाइल बंद होतील.

आणि आपल्या मुलांचं काय काय बंद होईल? माझ्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या शाळेचं ग्रंथालय कुलूपबंद असतं. बाबासाहेबांचे खंड त्यांनी मोबाइलवर उघडले. सावित्रीमाई आणि फातिमाबी यांच्याबद्दल शाळेत ऐकलं त्याहून जास्त यूट्यूबवर ऐकलं. लिंबोदऱ्याच्या मारहाणीनंतर गुजरातमधल्या शेकडो दलित तरुणांनी व्हॉट्सॲपच्या डीपीवर मिशी आणि मुकुटाचं चित्र लावलं, त्याखाली 'मिस्टर दलित' असं लिहिलेलं. ज्या मिशीसाठी मार खाल्ला, ती एका रात्रीत सगळ्यांची झाली. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीला कॉलेजात एका मुलीने जात विचारली. तिने चमार सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली की, चमार फार डेंजर असतात. गिन्नी तेव्हा विशीच्या आतली होती. २०१६ मध्ये तिचं 'डेंजर चमार' गाणं आलं आणि यूट्यूबवरून पंजाबच्या बाहेर, देशाबाहेर पोहोचलं. जो शब्द तिला गप्प करू शकला असता, तोच तिने माइकवर घेतला. हे व्यासपीठ तिला कोणत्या वाहिनीने दिलं असतं?

इथे आपल्या घरातलंही बोलायला हवं. आपल्याही मुलांच्या रील्समध्ये हल्ली गाड्यांचे ताफे, 'किंग', 'बाप', 'नाद करायचा नाय' हे सगळं आलं आहे. ज्यांनी तलवारी नाचवल्या त्यांच्यासारखंच आपणही नाचायचं, एवढाच आत्मसन्मानाचा अर्थ उरला तर तो आपला नाही, उसना आहे. मिरवणुकीत नाचणाऱ्या आपल्याच मुलीच्या व्हिडिओखाली आपलेच भाऊ घाणेरडं लिहितात. मातंग, चर्मकार, भटक्या जमातींच्या मुलांबद्दल आपल्याच ग्रुपवर होणारे विनोद मी वाचले आहेत. बाबासाहेबांनी बंधुतेला मैत्रीचा अर्थ दिला, बुद्धाकडून घेतला. ती मैत्री कमेंटमध्ये दिसत नसेल तर डीपीवरच्या निळ्या रंगाचा उपयोग काय?

मग करायचं काय? पहिलं काम घरातलं. मुलाला ब्लॉक केलं, ग्रुपमधून काढलं, 'कॅटेगरी' विचारली, छपरी म्हटलं, तर त्याला नाव द्यायचं. "बाळा, ही जात आहे. तुझ्यात कमी काही नाही." आपण मुलांना जातीबद्दल सांगायचं टाळतो, त्यांचं मन दुखेल म्हणून. ते आधीच दुखलेलं असतं, फक्त त्यांना शत्रूचं नाव माहीत नसतं.

दुसरं काम विहारांचं आणि अभ्यासिकांचं. पंचशीलानंतर अर्धा तास मोबाइलवर बोला. स्क्रीनशॉट कसा जपायचा, तारीख आणि लिंक कशी नोंदवायची, धमकी आली तर कुणाला फोन करायचा, हे मुलींना तोंडपाठ हवं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) नुसार लोकांना दिसेल अशा ठिकाणी जातीवरून अपमान करणं हा गुन्हा आहे. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या अपमानालाही हे लागू होतं असं म्हटलं. पीडित व्यक्ती तिथे शरीराने हजर नव्हती हा बचाव न्यायालयाने मानला नाही, कारण व्हिडिओ जितक्या वेळा पाहिला जातो तितक्या वेळा तो अपमान तिच्यासमोरच होतो. शाळकरी मुलांच्या प्रत्येक भांडणात पोलीस ठाणं गाठावं असं मी म्हणत नाही. पण आपल्या बाजूने कायदा उभा आहे हे माहीत असलेलं मूल वेगळ्या पाठकण्याने वावरतं.

तिसरं काम शाळांचं आणि कंपन्यांचं, आणि ते त्यांच्याकडून करून घ्यावं लागेल. सायबर सुरक्षेच्या तासात अनोळखी माणसाला पासवर्ड देऊ नका एवढं शिकवून भागणार नाही. ओळखीचा मुलगा जातीवरून विनोद करतो तेव्हा वर्गाने काय करायचं, हेही शिकवावं लागेल. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या नियमांत जात हा संरक्षित घटक आहे. कागदावर आहे. मी एका ॲपवर मराठीतली सरळसरळ जातिवाचक शिवी कळवली तेव्हा 'आमच्या नियमांचं उल्लंघन होत नाही' असं उत्तर आलं. मराठी, हिंदी, तमिळ, पंजाबी शिव्या कळणारी माणसं, त्यांतही त्या शिव्या खाल्लेली माणसं तिथे निर्णयाच्या जागी बसल्याशिवाय हे बदलणार नाही. प्रतिनिधित्वाची मागणी आपण सरकारी नोकरीत करतो, तशी इथेही करायला हवी.

मोबाइल मुलांच्या हातात असावा की नाही, हा वाद चालू राहील. तो चालवणाऱ्यांनी निदान यापुढे मुलाचं पूर्ण नाव विचारून मग उपाय सुचवावेत. आणि आपण मोठ्यांनी, येत्या चौदा एप्रिलला घरातलं पोर मोबाइल हातात घेऊन स्टोरी कुणाकुणापासून लपवायची ते निवडत बसलेलं दिसलं, तर त्याला रागवू नये, हसू नये. शेजारी बसावं. कुणाचं नाव वगळतोस आणि का, एवढं विचारावं. तिथून जे बोलणं सुरू होईल, ते कोणत्याही बंदीपेक्षा जास्त कामाचं असेल.

जय भीम!